रोगनिदानाचा विचार कोण शिकवणार?

पावसाळा सरू लागला की दिल्ली आणि राजधानी परिसरातील रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग तापाच्या रुग्णांनी भरून जातात. फरीदाबाद, गाझियाबाद, नोएडा येथूनच नव्हे, तर थेट बिहारच्या खेड्यांतूनही रुग्ण येथे येतात. रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसलेला डॉक्टर बहुधा विशीतला आणि नुकताच आंतरवासिता करू लागलेला असतो. चार दिवसांचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि रक्तातील प्लेटलेटची घटलेली संख्या, एवढे समजताच त्याच्या मनात एकच शब्द उमटतो, तो म्हणजे डेंग्यू. त्यात नवल नाही. १९९६ च्या साथीत एकट्या दिल्लीत १० हजार २५२ रुग्णांची नोंद झाली होती आणि ४२३ जणांना प्राण गमवावे लागले होते. त्या आठवणीचा पगडा येथील वैद्यकीय महाविद्यालयांवर अजूनही आहे. तरुण डॉक्टरचा हा अंदाज अनेकदा खराही ठरतो. प्रश्न असतो तो बाकीच्या रुग्णांचा.

कारण नेमकी हीच लक्षणे स्क्रब टायफसचीही असू शकतात. गवतात आणि झुडपांत आढळणाऱ्या माइट या अतिशय लहान प्राण्याच्या अळीच्या चाव्यातून हा आजार होतो. चाव्याच्या जागी पुष्कळदा काळपट खपली धरते. ती काखेत, जांघेत किंवा कमरेच्या नाडीखाली दडलेली असते, त्यामुळे कपडे दूर सारून पाहिल्याखेरीज दिसत नाही. काही रुग्णांमध्ये तर ती नसतेच. डॉक्सिसायक्लिन हे अगदी स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर रुग्ण सहसा दोन-तीन दिवसांत सावरतो. ते न मिळाल्यास फुफ्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत आजाराची झळ पोहोचू शकते. हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडमधील डॉक्टरांना हा आजार परिचयाचा आहे. महाराष्ट्रात २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या अन्य भागांत त्याचे रुग्ण आढळले, तेव्हा त्याचे नाव सर्वसामान्यांच्या कानी पडले. खपली शोधण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. ती शोधून पाहावी, असे डॉक्टरच्या मनात मात्र यावे लागते.

ते मनात कसे येते आणि तसे यावे म्हणून विद्यार्थ्याला शिकवता येते का, हा वैद्यकीय शिक्षणातील जुना प्रश्न गेल्या काही वर्षांत पुन्हा ऐरणीवर आला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, बहुतेक प्रत्येक व्यक्तीला आयुष्यात किमान एकदा तरी चुकीच्या अथवा विलंबाने झालेल्या निदानाला सामोरे जावे लागेल, असा निष्कर्ष काढण्यात आला होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ च्या १७ सप्टेंबर रोजी साजऱ्या झालेल्या जागतिक रुग्णसुरक्षा दिनासाठी निदानातील सुधारणा हाच विषय निवडला होता. भारतातील चर्चा मात्र प्रामुख्याने जागांभोवती फिरत राहिली आहे. २०१३-१४ मध्ये देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती. २०२४-२५ मध्ये ती ७८० झाली. याच काळात एमबीबीएसच्या जागा सुमारे ५१ हजारांवरून १ लाख १५ हजारांपलीकडे गेल्या. डॉक्टरांची उणीव असलेल्या देशात या वाढीचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. मात्र या वाढीव विद्यार्थ्यांना रुग्णशय्येजवळ उभे राहून विचार करायला कोण शिकवणार, याचे उत्तर जागांच्या आकडेवारीत सापडत नाही.

निदान हा जन्मजात प्रतिभेचा भाग आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. नुसत्या नजरेने रोग ओळखणाऱ्या धन्वंतरींच्या कथा प्रत्येक महाविद्यालयात सांगितल्या जातात. १९७८ मध्ये आर्थर एल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठातील संशोधन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि या समजुतीला धक्का बसला. अनुभवी डॉक्टर सगळी माहिती गोळा करून मग निष्कर्ष काढतात असे नाही. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर पहिल्या काही मिनिटांतच त्यांच्या मनात दोन-चार शक्यता उभ्या राहतात आणि पुढचे प्रश्न त्या शक्यता पारखण्यासाठी विचारले जातात, असे त्यात दिसून आले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की नवशिके विद्यार्थीही हेच करतात. फरक पद्धतीत नसून शक्यतांच्या गुणवत्तेत असतो, आणि एका प्रकारच्या आजारात अचूक ठरलेला डॉक्टर दुसऱ्या प्रकारात अचूक ठरेलच याची शाश्वती नसते.

पुढे १९९० च्या सुमारास नेदरलँड्स आणि कॅनडातील संशोधकांनी मांडले की अनुभवी डॉक्टरच्या मनात आजारांच्या याद्या नसतात, तर कथा असतात. कोणाला, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या क्रमाने काय होते, अशी प्रत्येक आजाराची एक गोष्ट त्याच्या स्मरणात घडत जाते. पुस्तकात लक्षणे एकाखाली एक छापलेली असतात. कथेत मात्र रुग्णाचे वय, गाव, व्यवसाय आणि ऋतू यांनाही जागा असते. अशी कथा केवळ पाठांतराने तयार होत नाही. त्यासाठी रुग्ण पाहावे लागतात आणि पाहिल्यानंतर कोणीतरी आपला विचार तपासून द्यावा लागतो. ही दुसरी अट अनेकदा विसरली जाते. शंभर रुग्ण पाहूनही आपले कोठे चुकले हे ज्याला कधी कळलेच नाही, त्याचा आत्मविश्वास वाढतो, कौशल्य वाढेलच असे नाही.

चुका कशा होतात, याचाही अभ्यास झाला आहे. मार्क ग्रेबर यांनी अंतर्गत वैद्यकशास्त्रातील १०० निदानचुकांचा धांडोळा घेऊन २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विचारप्रक्रियेतील दोषांमध्ये सर्वाधिक आढळलेला दोष अज्ञानाचा नव्हता; पहिली पटणारी शक्यता मिळताच पुढचा विचार थांबवणे, हा तो दोष होता. त्यानंतर अशा मानसिक सापळ्यांची नावे शिकवणारे अभ्यासवर्ग अनेक देशांत निघाले. त्यांचा परिणाम मात्र फारसा उत्साहवर्धक दिसलेला नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. सापळ्याचे नाव ठाऊक असल्याने स्क्रब टायफस आठवत नाही. त्या आजाराची कथाच मनात नसेल, तर विचार लांबवूनही हाती काही लागणार नाही.

तपासण्यांवरील विश्वास हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू आहे. समजा, एखादी तपासणी दहापैकी नऊ रुग्णांमध्ये आजार पकडते आणि दहापैकी नऊ निरोगी व्यक्तींना योग्य रीतीने वगळते. ज्या हजार जणांपैकी निम्म्यांना आजार आहे, त्यांच्यात ही तपासणी केली तर ५०० जणांचा अहवाल आजार दर्शवील आणि त्यांपैकी ४५० खरोखर आजारी असतील. तीच तपासणी, हजारात केवळ दहा जणांना आजार असलेल्या गटात केली, तर १०८ अहवाल आजार दर्शवतील. त्यांतले खरे रुग्ण असतील फक्त ९. कागदावरील अक्षरे तीच, पण अर्थ पूर्णपणे वेगळा. म्हणूनच तपासणी लिहून देण्यापूर्वी डॉक्टरने मनाशी अंदाज बांधलेला असावा लागतो. विषमज्वरासाठी १८९६ पासून वापरात असलेल्या विडाल चाचणीची आपल्याकडील कहाणी हेच सांगते. ज्या प्रदेशात अनेकांना हा संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेलेला असतो, तेथे रक्तातील प्रतिपिंडे सध्याच्या तापाचे कारण दर्शवतातच असे नाही. तरीही केवळ त्या एका कागदावर ‘टायफॉइड’चा शिक्का बसलेले रुग्ण उत्तर भारतात आणि महाराष्ट्रातही सर्रास दिसतात. डेंग्यूच्या एनएस-१ तपासणीचेही तसेच. ती पहिल्या काही दिवसांतच अधिक भरवशाची असते. ताप कितव्या दिवशी आहे हे न विचारता आलेला नकारात्मक अहवाल दिशाभूल करू शकतो.

दिल्लीने १९९८ मध्ये घेतलेला अनुभव या संदर्भात आठवावा असा आहे. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात शहरातील रुग्णालयांत पाय सुजलेले, धाप लागणारे रुग्ण येऊ लागले. दोन्ही पायांना सूज म्हटले की वैद्यकाचा विद्यार्थी हृदय, मूत्रपिंड आणि यकृत या तीन अवयवांची नावे घेतो, आणि एकेका रुग्णाकडे सुटे पाहिले तर त्या दिशेने तपासण्यांची लांबच लांब मालिका सुरू होऊ शकते. तथापि घरातील आणखी कोणाला असा त्रास आहे का, आणि सगळे मिळून काय खाता, या दोन साध्या प्रश्नांनी चित्रच बदलते. एकाच घरातील अनेकांची हृदये एकाच आठवड्यात निकामी होत नाहीत. हा आजार होता साथीचा जलोदर म्हणून ओळखला जाणारा विषबाधेचा प्रकार, आणि त्याचे मूळ होते मोहरीच्या तेलात मिसळलेले पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल. या साथीत ६० जणांचा मृत्यू झाला आणि तीन हजारांहून अधिक लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तेलातील ही भेसळ नत्राम्लाच्या साध्या चाचणीतही उघड होते. पण चाचणी करायची ती तेलाची, रक्ताची नव्हे, हे कोणाच्या तरी मनात यावे लागते.

या पार्श्वभूमीवर अभ्यासक्रमात काय बदलले, हे पाहणे उचित ठरेल. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने तयार केलेला सक्षमतेवर आधारित अभ्यासक्रम २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून देशभर लागू झाला. पुढे २५ सप्टेंबर २०२० रोजी परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली आणि द्वारका येथील मुख्यालयातून तिचेच धोरण पुढे चालू राहिले. पहिल्या वर्षापासून रुग्णांशी संपर्क, नीतिमत्ता आणि संवादाचे स्वतंत्र पाठ, कौशल्यांची नोंदवही आणि विद्यार्थ्याने एखाद्या रुग्णाची जबाबदारी घेऊन दाखल झाल्यापासून त्याचा पाठपुरावा करणे, अशा तरतुदी त्यात आहेत. यातील शेवटची तरतूद निदानविचाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाची म्हणता येईल. सकाळी आपण बांधलेला अंदाज संध्याकाळी खरा ठरला की खोटा, हे विद्यार्थ्याला त्यामुळेच कळू शकते. कागदावर हा बदल मोठा आहे. प्रत्यक्षात नोंदवहीत सह्या मिळवणे हेच काम होऊन बसते, अशी तक्रार विद्यार्थी आणि अध्यापक दोघेही करतात.

याचे एक कारण परीक्षेत आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, म्हणजे एम्सच्या, जवळच युसूफ सराय आणि गौतम नगर लागते. येथील गल्ल्यांमध्ये पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या डॉक्टरांची वसाहतच आहे. भाड्याच्या खोल्या, रात्रंदिवस उघड्या राहणाऱ्या अभ्यासिका, झेरॉक्सची दुकाने आणि शिकवणी वर्गांच्या पाट्या यांनी हा भाग भरलेला असतो. महाराष्ट्रातून आलेली मुलेमुलीही येथे मोठ्या संख्येने भेटतात. नीट-पीजी या परीक्षेला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसतात. २०० बहुपर्यायी प्रश्न, साडेतीन तासांचा वेळ, चुकीच्या उत्तराला गुण वजा. ज्या आंतरवासितेत तरुण डॉक्टरने पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण पाहायचे, तेच वर्ष या तयारीत जाते. वॉर्डात रक्ताचे नमुने काढणे आणि अहवाल आणणे, आणि उरलेल्या वेळात भ्रमणध्वनीवर प्रश्नसंच सोडवणे, असा अनेकांचा दिनक्रम असतो. त्यांना दोष देता येणार नाही, कारण त्यांचे भवितव्य त्या एका क्रमांकावर अवलंबून असते.

अलीकडे या परीक्षेत रुग्णाचे वर्णन देऊन विचारलेले प्रश्न वाढले आहेत आणि तो स्वागतार्ह बदल आहे, असे सांगितले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु अशा प्रश्नात ‘जांघेत काळी खपली आढळली’ हे वाक्य आधीच छापलेले असते. ती खपली कोणीतरी शोधलेली असते, रुग्णाच्या लांबलचक बोलण्यातून महत्त्वाचे तेवढे कोणीतरी निवडून घेतलेले असते आणि शक्य असलेली चार उत्तरेही कोणीतरी लिहून दिलेली असतात. निदानाचे अवघड काम जेथे संपते, तेथून हा प्रश्न सुरू होतो.

रुग्णाचे बोलणे निवडून घेणे हे काम भाषेचेही आहे, आणि दिल्लीत ते विशेष जाणवते. केरळ, महाराष्ट्र, ईशान्य भारत येथून आलेले विद्यार्थी येथे हिंदी, हरियाणवी, भोजपुरी बोलणाऱ्या रुग्णांसमोर उभे राहतात. मराठी विद्यार्थ्याला हिंदी येतेच, असे गृहीत धरले जाते. गफलत तेथेच होते. हिंदी भाषक रुग्ण ‘घबराहट’ म्हणतो तेव्हा त्याला छातीत धडधडणे, श्वास कोंडणे, अस्वस्थ वाटणे यांपैकी काहीही अभिप्रेत असू शकते. मराठी कानाला त्यात केवळ भीती ऐकू येते. आणि भीती असे टिपून घेतले गेले, तर हृदयविकाराची शक्यता पहिल्याच ओळीत मागे पडते. आपल्याकडे जुलाब होतात, तिकडे दस्त लागतात. हिंदीत ‘जुलाब’ हे रेचकाचे नाव आहे. ‘कमजोरी’, ‘गॅस’, ‘चक्कर’ हे शब्द तर कोणत्याही भाषेत उलटतपासणी मागणारे. चक्कर म्हणजे भोवतालचे फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे विचारल्याशिवाय कान, हृदय आणि रक्तदाब यांपैकी कोणत्या दिशेने जायचे हे ठरत नाही. नव्या अभ्यासक्रमाच्या प्रारंभीच्या पायाभूत सत्रात स्थानिक भाषेचा समावेश आहे, ही चांगली गोष्ट. वैद्यकीय शिक्षण मातृभाषेतून द्यावे की नाही, यावर मध्य प्रदेशने २०२२ मध्ये हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित केल्यापासून पुष्कळ वाद झाले. त्या वादात पाठ्यपुस्तकाच्या भाषेविषयी जितके बोलले गेले, तितके रुग्णाच्या भाषेविषयी बोलले गेले नाही.

मग हा विचार शिकवायचा कसा? त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नसल्याचे जगभरचा अनुभव सांगतो. बॉस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी १९१२ मध्ये तीन हजार शवविच्छेदनांचा आढावा घेऊन डॉक्टरांची निदाने किती वेळा चुकतात हे जाहीर केले होते. त्यांच्याच प्रयत्नांतून मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील चिकित्सा-विकृतिशास्त्र परिषदांना आकार आला. अशा परिषदेत एका ज्येष्ठ डॉक्टरसमोर रुग्णाची हकिगत ठेवली जाते. शेवट त्याला सांगितलेला नसतो. भरल्या सभागृहात तो मोठ्याने विचार करतो, एकेक शक्यता मांडतो, खोडतो, अखेरीस एकीवर बोट ठेवतो. आणि मग विकृतिशास्त्रज्ञ खरे उत्तर उघड करतात. दिल्लीच्या एम्समध्ये आणि चंदीगडच्या पीजीआयमध्ये ही परंपरा रुजलेली आहे. विद्यार्थ्याला येथे उत्तरापेक्षा अधिक मोलाचे काही मिळते. नामांकित प्राध्यापकही चुकतात आणि चूक सर्वांसमोर मान्य करतात, हे तो पाहतो. आपल्या शिक्षणपरंपरेत गुरूने चूक कबूल करण्याचे प्रसंग विरळ, त्यामुळे या दृश्याचे मोल अधिकच.

दररोजच्या राऊंडमध्येही हे करता येते. निदान काय, असे विचारण्याऐवजी तुला असे का वाटते, आणखी काय असू शकेल, आणि ते नाही हे कशावरून, असे प्रश्न प्राध्यापकाने विचारले, तर विद्यार्थ्याचा विचार उघड होतो आणि दुरुस्तही करता येतो. एका रुग्णामागे याला पाच मिनिटे लागतात. ज्या विभागात एका सकाळी शेकडो रुग्ण तपासायचे असतात, तेथे ती पाच मिनिटे आणायची कोठून, हा अध्यापकांचा सवाल रास्तच आहे. एम्सची स्थापना करणाऱ्या १९५६ च्या कायद्यात, देशातील सर्व वैद्यकीय महाविद्यालयांपुढे अध्यापनाचा उच्च आदर्श ठेवणे हे संस्थेचे उद्दिष्ट म्हणून नमूद केले आहे. उपचारांसाठी लोटणाऱ्या गर्दीने या उद्दिष्टावर केव्हाच मात केली आहे.

नव्या महाविद्यालयांत अडचण नेमकी उलट असते. तेथे विद्यार्थी आहेत, रुग्ण कमी. आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० जागांच्या महाविद्यालयाला ४२० खाटा आवश्यक आहेत, तर २५० जागांसाठी ९००. म्हणजे जागा अडीचपट होतात, खाटा तेवढ्या वाढत नाहीत. त्यातही खाट भरलेली असणे आणि त्यावरचा रुग्ण खरा असणे गृहीत धरलेले आहे. महाविद्यालयांच्या तपासणीच्या वेळी बनावट रुग्ण आणि कागदोपत्री अध्यापक दाखवल्याच्या आरोपांवरून केंद्रीय अन्वेषण विभागाने २०२५ मध्ये गुन्हा दाखल केला. आरोपांची शहानिशा न्यायालयात होईल. मात्र दाखवण्यापुरत्या आणलेल्या रुग्णापासून विद्यार्थ्याला काही शिकता येत नाही, यासाठी निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ७५ हजार जागांचे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले आहे.

परीक्षा बदलली तर अध्यापनही बदलेल, या विचाराने २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात ‘नेक्स्ट’ या सामाईक अंतिम परीक्षेची तरतूद करण्यात आली होती. जून २०२३ मध्ये तिचे नियम अधिसूचित झाले. पहिला टप्पा बहुपर्यायी प्रश्नांचा आणि पदव्युत्तर प्रवेशाचा क्रमांक ठरवणारा. दुसरा टप्पा प्रात्यक्षिकाचा, सात विषयांचा, केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवणारा. रुग्णासमोरचा विचार पारखणारा टप्पा क्रमांकासाठी धरला जाणार नव्हता, हे त्या रचनेतच स्पष्ट होते. विद्यार्थ्यांमध्ये असलेली अनिश्चितता आणि महाविद्यालयांची अपुरी तयारी यांवरून वाद सुरू झाला आणि १३ जुलै २०२३ रोजी ही परीक्षा लांबणीवर टाकण्यात आली. नव्या अभ्यासक्रमाची पहिली, म्हणजे २०१९ ची तुकडी आपापल्या विद्यापीठाच्या नेहमीच्या परीक्षेतून उत्तीर्ण झाली. आंतरवासिता पूर्ण करून तिच्यातील अनेकांनी ३ ऑगस्ट २०२५ रोजी नीट-पीजीचे २०० प्रश्न सोडवले.